आजीचा फोन आणि नातवाची शिकवणी

गेल्या वर्षीच्या आषाढातली गोष्ट आहे. वरंधच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीत सत्तरी ओलांडलेले एक आजोबा सकाळी अकराच्या सुमारास पडवीत बसल्या जागी कलंडले. तोंड एका बाजूला वाकडे झाले, उजवा हात उचलेना, बोलणे बोबडे झाले. घरात आजी एकट्याच होत्या. मुलगा-सून मुंबईला, नातू नववीत, तो शाळेत गेलेला. लावणीचे दिवस असल्याने वाडीतले झाडून सारे शेतावर. कोनाड्यात टचचा फोन होता, चार्ज केलेला होता, त्यात पैसेही होते. पण त्याला कुलूप होते. नातवाने रात्री खेळ खेळताना ते लावले होते, आणि आजीला फोन फक्त वाजला की हिरव्या खुणेवर बोट ओढायचे एवढेच ठाऊक. त्यांनी बोटाने खूप खटपट केली. चुकीच्या खुणा केल्याने फोन आणखीच बंद होऊन बसला. दोन वाजता शेतावरून कोणी परतले, मग जीप, मग घाटाखालचा रस्ता. माझ्याकडे आणले तेव्हा चार वाजून गेले होते.

वाचकहो, पक्षाघात म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकणे किंवा ती वाहिनी फुटणे. गुठळी अडकली असेल तर ती विरघळवणारे इंजेक्शन असते, पण ते लक्षण सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, तेही सीटी स्कॅन करून, रक्तस्राव नाही याची खात्री पटल्यावरच. आमच्या आजोबांचे ते तास कोनाड्यातल्या फोनपाशीच सरले. आज ते काठी घेऊन ओटीपर्यंत येतात. उजव्या हाताने भाकरी मोडता येत नाही.

आता यातली खरी चुटपुट ऐका. कुलूपबंद फोनवरूनही मदत मागता येते. पडद्यावर खालच्या बाजूला ‘आपत्कालीन कॉल’ असे लिहिलेले असते. काही फोनवर ते इंग्रजीत असते, काहींवर पडदा वर सरकवल्यावर दिसते. तेथे बोट ठेवले की आकड्यांची पाटी उघडते. त्यावरून ११२ लावता येतो, कुलूप उघडावे लागत नाही. पुष्कळ फोनवर १०८ ही लागतो. हे त्या आजीला कोणी सांगितलेले नव्हते, आणि खरे सांगायचे तर मीही तोवर कोणा पेशंटला सांगितले नव्हते. रक्तदाबाच्या गोळ्या कशा घ्यायच्या हे मी तीस वर्षे सांगत आलो. गोळी लागू पडली नाही त्या दिवशी फोन कसा करायचा, हे सांगणे माझे काम आहे असे मला वाटले नव्हते.

नातू आजोबांच्या उशाशी मान खाली घालून बसलेला असे. कुलूप आपण लावले ही बोच त्याच्या मनात रुतली होती. त्याला मी बाजूला घेऊन सांगितले, की फोनला कुलूप लावणे हा गुन्हा नाही, उलट ते लावावेच. आजोबांचा रक्तदाब वर्षभर वाढलेला होता आणि गोळ्या मधूनमधून बंद होत होत्या, त्याचा हा परिणाम आहे. मुलांच्या मनात असा अपराध घर करून बसला की ते जेवत नाहीत, अभ्यासात लक्ष लागत नाही. घरच्यांनी तिकडे डोळेझाक करू नये. १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा क्रमांक आहे, तेथे मराठीतही बोलता येते. या मुलाने मात्र आपल्या मनाचे औषध स्वतःच शोधले. त्याने आजीला फोन शिकवायला घेतला. मग शेजारच्या काकींना. पुढे त्याच्या वर्गातली आणखी चार-पाच मुले-मुली मिळाली आणि रविवारी दुपारी देवळाच्या सभामंडपात सात-आठ म्हाताऱ्या माणसांची शिकवणी सुरू झाली.

ही कल्पना काही नवी नाही. कॅनडातल्या टोरोंटोजवळ २००९ साली शाळेत शिकणाऱ्या दोन बहिणींनी वृद्धांना संगणक व इंटरनेट शिकवण्याचा असाच उपक्रम सुरू केला होता. त्यावर ‘सायबर-सीनियर्स’ नावाचा माहितीपटही निघाला. आपल्याकडे त्याच्याही आधी, १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झाल्यावर शाळकरी मुले पाटी घेऊन प्रौढांना ‘ग म भ न’ शिकवीत असत, हे आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. सध्या चालू असलेल्या ‘उल्लास’ या नवभारत साक्षरता कार्यक्रमातही विद्यार्थी स्वयंसेवक म्हणून शिकवू शकतात, आणि अक्षरओळखीबरोबर डिजिटल साक्षरता व आरोग्याची माहिती हे विषयही त्यात धरलेले आहेत. पंधरा वर्षांवरील कोणीही निरक्षर व्यक्ती त्यात शिकू शकते, वरची वयोमर्यादा नाही.

हे मुद्दाम सांगतो, कारण २०१७ साली सुरू झालेले प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान १४ ते ६० वर्षे वयाच्या लोकांसाठी होते. एका घरातून एकजण, आणि २० तासांचे शिक्षण. मार्च २०२४ मध्ये ते संपले. त्यातून देशात सहा कोटींहून अधिक लोक शिकले ही मोठीच गोष्ट. पण ज्यांना रक्तदाब, मधुमेह, मोतीबिंदू, ज्यांची मुले शहरात आणि ज्यांना दवाखान्याची गरज सर्वांत जास्त, ते साठीपुढचे लोक त्या चौकटीच्या बाहेरच राहिले. आपल्या महाड-पोलादपूरच्या वाड्यांमधून फिरून पाहा, घरी कोण असते? म्हातारा, म्हातारी आणि शाळेत जाणारे एखादे पोर. मधले वय मुंबईला. तेव्हा शिकवणारा कोण मिळणार, तर ते पोरच.

आता शिकवणीत अडचणी काय येतात ते पाहू. मुलांची पहिली तक्रार एकच असते, “आजीला सांगून सांगून थकलो, तिच्या डोक्यात शिरत नाही.” वाचकहो, बहुतेक वेळा दोष डोक्याचा नसतो. तो डोळ्यांचा, कानांचा आणि बोटांचा असतो.

चाळिशीनंतर जवळचे दिसणे कमी होते हे सर्वांना ठाऊक आहे. पण खेड्यात जवळचा चष्मा घेण्याची चाल नाही, कारण पेपर वाचायचा नसतो. तांदळातले खडे निवडणे सुनेकडे गेलेले असते. फोन हातात आल्यावर मात्र ही उणीव उघडी पडते. म्हणून शिकवणाऱ्या मुलाने पहिल्या दिवशी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन अक्षरे सर्वांत मोठी करावीत, पडद्याचा उजेड वाढवावा आणि भाषा मराठी करावी. एवढे करूनही धुरकट दिसत असेल, दिव्याभोवती वलये दिसत असतील, तर तो मोतीबिंदू असण्याचा संभव आहे, तपासून घ्यावा. त्या सभामंडपातल्या आठजणांपैकी दोघांना मोतीबिंदू निघाला, तो या शिकवणीमुळेच. एकाची शस्त्रक्रिया झाली आहे. दुसऱ्या मावशी दिवाळीनंतर करू म्हणतात, ती दिवाळी कोणत्या वर्षाची हे त्यांनी अजून सांगितलेले नाही.

बोटांचे तर वेगळेच. टचच्या फोनचा पडदा दाबाने चालत नाही, कातडीतून वाहणाऱ्या अगदी सूक्ष्म विजेमुळे त्याला बोट कळते. ज्यांनी जन्मभर कोयता, नांगर, जाते धरले त्यांच्या बोटांची कातडी जाड, कोरडी, घट्टे पडलेली असते. पडद्याला ते बोट कळतच नाही. मग आजी आणखी जोरात दाबतात, आणखी वेळ दाबून धरतात, आणि जास्त वेळ दाबले की फोन त्याचा अर्थ भलताच लावून दुसरीच यादी उघडतो. आजी घाबरून फोन खाली ठेवतात. यावर उपाय साधा आहे. बोट ओल्या फडक्याला पुसून घ्यावे, किंवा घट्टा नसलेल्या करंगळीशेजारच्या बोटाने टिचकी मारावी. ‘दाबा’ असे न सांगता ‘टिचकी मारा’ असे सांगावे. मी हा एक शब्द बदलायला सांगितला आणि मुले म्हणाली की अर्धे काम झाले. हात कापत असेल तर सेटिंगमध्ये ‘सुलभता’ या भागात स्पर्शाचा अवधी वाढवता येतो. कापणारा हात नवीनच सुरू झाला असेल, तर मात्र फोन ठेवून डॉक्टरांना दाखवावे.

कानांविषयी एवढेच, की म्हातारपणी बारीक, उंच आवाज आधी ऐकू येईनासे होतात. मुलींचा आवाज नेमका त्यातला. ओरडून सांगितल्याने शब्द स्पष्ट होत नाहीत. समोर बसून, तोंड दिसेल असे, सावकाश बोलावे.

शिकण्याची शक्ती वयाबरोबर मंदावते, संपत नाही. अमेरिकेत टेक्सास राज्यात ६० ते ९० वयाच्या लोकांवर एक अभ्यास झाला होता, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. काहींना तीन महिने डिजिटल कॅमेऱ्याने फोटो काढणे व संगणकावर ते सुधारणे, काहींना गोधडी शिवणे अशी नवी कामे आठवड्याला पंधरा-एक तास शिकवली. नुसत्या गप्पा-सहली केलेल्या लोकांपेक्षा या मंडळींची स्मरणशक्ती सुधारलेली दिसली. तेव्हा आजीने फोन शिकणे हे फोनपुरतेच राहत नाही. आणि शिकवणाऱ्याचे काय? कॅनडातच दहावीच्या मुलांना आठवड्यातून एकदा लहान मुलांमध्ये स्वयंसेवक म्हणून पाठवले, तेव्हा दोन-अडीच महिन्यांत त्यांचे कोलेस्टेरॉल आणि शरीरातली सूज दाखवणारे काही घटक न गेलेल्या मुलांपेक्षा कमी आढळले. तो अभ्यास १०६ मुलांचा, म्हणजे लहानच, आणि ती मुले म्हाताऱ्यांना नव्हे तर लहानग्यांना मदत करीत होती. मी त्यावरून फार मोठा निष्कर्ष काढत नाही. पण आमच्या नववीतल्या मुलाची झोप परत आली, हे मी पाहिले आहे.

एका बैठकीत एकच गोष्ट शिकवावी. आज फक्त फोन उचलणे व ठेवणे. दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा, मग चार दिवसांनी पुन्हा. मधे थोडे विसरू देऊन परत आठवायला लावले की ते पक्के बसते. आणि एक नियम मी त्या मुलांना घालून दिला आहे, तो घरोघरी पाळावा: फोन आजीच्या हातातून घ्यायचा नाही. “दे इकडे, मी करतो” म्हटले की शिकवणी संपली. मुलाचे बोट आजीच्या बोटाशेजारी असावे, पडद्यावर नव्हे. वाचता येत नसेल त्यांच्यासाठी प्रत्येक नंबरापुढे माणसाचा फोटो लावता येतो. मुलाचा, सुनेचा, आशाताईंचा, डॉक्टरांचा. एका आजींनी माझा फोटो पाहून “ह्यो तर आजारी दिसतो” असा शेरा मारला, म्हणून दुसरा काढावा लागला.

शिकवायचे काय? माझ्या मते सुरुवात कुलूपबंद पडद्यावरून ११२ लावण्यापासून व्हावी. नुसते दाखवून भागत नाही. फोन उगाच लावून यंत्रणेला त्रास देऊ नये, पण आकड्यांच्या पाटीपर्यंत पोचण्याचा सराव दहा वेळा करून घ्यावा. त्याबरोबर बोलायचे काय, तेही. गाव, वाडी, जवळची खूण, काय झाले, केव्हापासून. घाबरलेल्या माणसाला आपल्या वाडीचे नाव आठवत नाही, हे मी पाहिले आहे. तोंड वाकडे, हात लुळा, बोलणे अडखळते, यातले एकही दिसले तर घड्याळ पाहावे, वेळ लक्षात ठेवावी आणि फोन करावा. तोवर खायला-प्यायला काही देऊ नये, मनाने गोळीही देऊ नये, कारण गुठळी आहे की रक्तस्राव हे घरी कळत नाही.

वेळेचे मोल या भागाला नव्याने शिकवायला नको. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असताना लाल विंचवाच्या दंशावर संशोधन केले आणि प्राझोसिन हे औषध लवकर दिले तर माणूस वाचतो हे जगाला दाखवले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. औषध कितीही गुणकारी असो, पेशंट तेथवर वेळेत यावा लागतो.

त्यानंतर कार्डे. वयाची सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेखाली ‘वय वंदना’ कार्ड काढता येते. ऑक्टोबर २०२४ पासून ही सोय आहे. वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार योजनेतल्या रुग्णालयात होतात. त्यासाठी दाखल व्हावे लागते, रोजच्या रक्तदाबाच्या गोळ्या त्यात येत नाहीत. कार्ड आधारवरून निघते आणि येथेच घोडे अडते. आधारला जोडलेला नंबर मुंबईच्या मुलाचा असतो, किंवा कधीच बंद पडलेला असतो. ओटीपी, म्हणजे त्या वेळेपुरता येणारा आकडा, तिकडे जातो आणि आजी इकडे वाट पाहत बसतात. म्हणून दुखणे येण्याआधी, पाऊस नसताना, आधार केंद्रात जाऊन चालू नंबर जोडून घ्यावा. गणपतीला चाकरमानी आले की हे काम पहिल्या दोन दिवसांत उरकावे. विसर्जनानंतर मुलगा एस.टी.त बसला की पुन्हा वर्षाची बात.

‘ई-संजीवनी’वर घरबसल्या सरकारी डॉक्टरांशी बोलता येते. जुन्या दुखण्याचा सल्ला, गोळ्यांची शंका, खरूज-नायटा यासाठी ती सोय चांगली आहे. छातीत दुखणे, श्वास लागणे, सर्पदंश यासाठी ती नाही. बोलायला बसताना उजेड तोंडावर येईल असे बसावे आणि चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटे समोर ठेवावीत. २०२१ साली कोविडच्या लसीसाठी नाव नोंदवताना वाडीवाडीतल्या मुलांनीच आजी-आजोबांची नावे एका फोनवर भरून दिली होती. ती मुले आता कॉलेजात आहेत. पण त्या वेळी त्यांनी काम करून दिले, शिकवले नाही. दोन्हींत फरक आहे.

काही गोष्टी मुलांनीही शिकायच्या आहेत. आजीचा पिन आपण पाठ करायचा नाही, वहीत लिहायचा नाही आणि फोनच्या मागे चिकटवायचा तर मुळीच नाही. बँकेचा ओटीपी कोणी फोनवर मागितला तर द्यायचा नाही, मागणारा स्वतःला पोलीस म्हणवत असला तरी. ‘डिजिटल अटक’ अशी कोणतीही गोष्ट कायद्यात नाही. पैसे गेलेच तर लाजेने गप्प न बसता ताबडतोब १९३० ला कळवावे, जितके लवकर कळवाल तितकी रक्कम अडवण्याची शक्यता अधिक. आणि शिकवताना कोणाचे दुखणे कळले, एखाद्या मावशीची बायकांची तक्रार, कोणाची क्षयाची गोळी, तर ते त्या पडद्याआडच राहावे. आमच्या गटातल्या मुलींनी हा नियम मुलांपेक्षा चांगला पाळला, हे नमूद करतो.

व्हॉट्सॲपवरच्या औषधांबद्दल मात्र मला रागाने लिहावे लागते. अमुक पाल्याच्या रसाने मधुमेह कायमचा जातो हे वाचून, खरे तर नातवाकडून वाचून घेऊन, एका गृहस्थांनी इन्सुलिन बंद केले. आठव्या दिवशी ते बेशुद्ध अवस्थेत आले. वाचले. असा निरोप आला की पुढे पाठवू नये, आणि चालू औषध बंद करण्याआधी डॉक्टरांना किंवा आशाताईंना विचारावे. आजीला फोन शिकवणाऱ्याने हे त्याच आठवड्यात शिकवावे. फोन हाती आला की हे निरोपही येणारच.

शेवटी आपल्या डोंगराची अडचण. अनेक वाड्यांत रेंज नाही, असली तर एका ठराविक दगडावर, आंब्याखाली किंवा देवळाच्या मागे. ती जागा घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवी आणि अंधारातही तेथवर जाता यावे अशी वाट हवी. २२ जुलै २०२१ रोजी तळियेवर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली, त्या वेळी महाडात पूर होता, वीज नव्हती, फोन मुके झाले होते. म्हणून पावसाळ्यात फोन रोज दिवसाउजेडी पूर्ण चार्ज करून ठेवावा, आणि फोनवर सर्वस्वी विसंबू नये. आमच्या सभामंडपातल्या मुलांनी प्रत्येक घरासाठी एक कागद तयार केला आहे. त्यावर मोठ्या अक्षरांत ११२, १०८, मुलाचा नंबर, जवळच्या जीपवाल्याचा नंबर, घरातल्या माणसांचे आजार आणि चालू गोळ्यांची नावे आहेत. तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दाराच्या आतल्या बाजूला खिळ्याला टांगायचा. गोळी बदलली की कागदही बदलायचा.